टोपल्याखालचं पीठ

आजही घरात पिठाची परात उघडी दिसली की ती घटना आठवते आणि माझा हात आपोआप मागे येतो. बायको हसते. हसू दे. ती त्या घरात नव्हती.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या, माणसं आणि सामान मात्र अजून यायचं होतं. मी मुरुडच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठसेतज्ज्ञ हवा असेल तर औरंगाबादला बिनतारी संदेश पाठवायचा आणि वाट पाहत बसायचं. त्यात दुष्काळ. टँकरचा भोंगा वाजला की सगळं गाव घागरी घेऊन धावायचं, घरं सताड उघडी राहायची.

अशाच एका दुपारी एका म्हातारीचा राहत्या घरात गळा दाबून खून झाला. गळ्यातली बोरमाळ गेली. आम्ही पोचेपर्यंत शेजारच्या बायांनी प्रेत न्हाऊमाखू घालून जमीन शेणाने सारवून टाकली होती. मयत झाली की सारवायचं ही रीत, त्यांना काय बोलणार? पण आमचं घटनास्थळ शेणाखाली गेलं. मोजमाप घेताना टेपचं टोक म्हातारीच्या चुलत पुतण्याने धरलं. फारच उत्साही माणूस. त्याची उजवी तर्जनी कडबा कापायच्या यंत्रात अर्धी गेलेली होती. तेव्हा मी ते नुसतं पाहिलं.

"सुनंनंच केलंय बघा, सायेब," टेप ताणता ताणता तो म्हणत होता.

गावही तेच म्हणत होतं. सासू-सुनेची पाण्यावरून रोज जुंपायची. प्रेत पहिल्यांदा सुनेनेच पाहिलेलं. ती टँकरवर होती असं छातीठोकपणे सांगायला कोणी तयार नव्हतं, कारण तिथे जो तो आपल्या घागरीकडे बघत होता. नवरा कामासाठी हैदराबादला, तो अंत्यविधीला आला. वरिष्ठांच्या आदेशाने मी तिला अटक केली. काखेत तान्ही मुलगी होती. कितीही फिरवून विचारलं तरी जबाब बदलत नव्हता.

"भांडत होते म्या, सायेब. पर मारलं न्हाई. मला फाशी दिली तर ह्या लेकराला कोन बघंल?"

माझं मन तिच्या बाजूने होतं, पण मन कोर्टात दाखल करता येत नाही. ही बाई नाहक फासावर जाईल या धास्तीने माझी अन्नावरची वासना उडाली.

राख सावडायच्या सकाळी पोलीस पाटील सायकल दामटत ठाण्यात आले. चेहरा पांढराफटक.

"चला बिगीनं, सायेब. टोपल्याखाली पंजा उमटलाय. बाया रडायल्यात."

आमच्याकडे माणूस जिथे प्राण सोडतो तिथे पीठ पसरून दिवा ठेवतात आणि वर टोपलं झाकतात. सावडायच्या दिवशी ते उचलून पाहतात. पिठात ज्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला जीव गेला, असं मानतात.

अंगणात गर्दी होती, पण उंबऱ्याच्या आत कोणी पाय टाकत नव्हतं. म्हातारी हडळ होऊन सुनेला न्यायला आली, सून सुटली तरी तिला गावात घ्यायचं नाही, असं कुजबुजत ठरायला लागलं होतं. मी जोडे काढून आत गेलो. माझ्या आईच्या वेळी टोपलं मीच उचललं होतं, आणि वर्दी चढवली म्हणून लहानपणची भीती अंगातून जात नाही. टोपलं बाजूला केलं. पिठावर ओरबाडल्यासारखे लांब ओरखडे. अंगावर सरसरून काटा आला.

घटनास्थळी आधी हात मागे बांधायचे आणि डोळे वापरायचे, हे प्रशिक्षणात आमच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. तसाच उकिडवा बसून राहिलो. मग दिसलं की ओरखड्यांच्या भोवतीचं पीठ सपाट झालं होतं. कोणीतरी ते घाईघाईने पुसलं होतं. तीन बोटांच्या रेषा लांब, अंगठ्याशेजारच्या बोटाची मात्र आखूड आणि बोथट. हडळ कशाला पीठ पुसत बसेल?

भुताची भीती गेली आणि वाऱ्याची सुरू झाली. बाहेर तापलेला वारा सुटला होता, पत्र्याचं दार खडखडत होतं. एक झुळूक आत आली असती तर त्या बाईचा एकमेव साक्षीदार उडून गेला असता. फटींमध्ये गोधड्या कोंबल्या. मुरुडहून लग्नाचे फोटो काढणारा आणवला. शेजारी मोजपट्टी ठेवून, बाजूने बॅटरीचा झोत टाकून फोटो घेतले. मग सुताराकडचं लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये पातळ करून डास मारायच्या पंपाने वरच्या वर फवारलं, थर घट्ट झाल्यावर प्लास्टर ओतलं. साचा निघाला, तो पंचांसमक्ष सीलबंद केला आणि मगच घोटभर पाणी प्यालो.

आदल्या दुपारी टँकर आला तेव्हा सुनेच्या नवऱ्यासकट घरातले सगळे पाण्याला गेले होते. पुतण्याची घागर त्याच्या पोराने भरली होती. मी पुतण्याला ठाण्यात बोलावलं. हात उगारला नाही. समोर पिठाची परात ठेवली आणि म्हणालो, "फिरव हात."

तो भिंतीला जाऊन चिकटला. "नगं सायेब! त्याला हात लावाया सांगू नगा!"

"मग काल कशाला लावलास?"

त्याचं सगळं अवसान गळालं. "चुलतीनं पिठात माझंच तोंड काढलं आसंल म्हनून बघाया गेलतो. कसलीतरी बारीक पावलं दिसली. भ्या वाटलं, पुसून टाकलं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण त्याने पंचांसमक्ष निवेदन करून धान्याच्या रिकाम्या पेवातून बोरमाळ काढून दिली, आणि साच्याशी त्याचा हात जुळला. सून सुटली.

या केसने मला शिकवलं की जमीन सारवता येते, मनातली भीती सारवता येत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. तो परत येतो, काहीतरी पुसतो, आणि पुसल्याचीही खूण मागे राहते. पुढे प्रत्येक घटनास्थळी, काय दिसतं याच्याइतकंच काय पुसलंय हे मी पाहत आलो.

सुटली तरी सून ठाण्याच्या पायरीवरून हलेना. घरी जायला भीत होती.

"सायेब, आत्याबाई खरंच हडळ झाल्या का वो?"

पिठाच्या न पुसलेल्या कडेला बारीक पावलं शिल्लक होती. पंचनाम्यात मी ती 'उंदराची असावीत' असं लिहिलं आहे.

"नाही बाई," मी म्हणालो, "चिमणी झाल्या."

पुढे समन्स घेऊन त्या गावी गेलो. टँकर नुकताच येऊन गेला होता, तिची घागर अर्धीच भरली होती. तरी उंबऱ्याबाहेर करवंटीत काठोकाठ पाणी होतं. मी तिकडे पाहिलं तशी ती पदर सावरत म्हणाली, "पयलं आत्याबाईचं. न्हाईतर पुन्ना भांडतील."