तीन बोटांचं जाळं

सुनीलचा फोन आला तेव्हा भद्रावतीच्या घरात मी ओटा पुसत होते. "ताई, माय गेली. सकाळी उठलीच नाई," एवढंच तो म्हणाला. सुनील माझा मावसभाऊ. त्याची माय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, माझी मोठीमाय. फोन ठेवल्यावर रडू येण्याआधी मला काय आठवावं, तर तिच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट. मिटलेलं, आणि मग टक् करून उघडणारं... माणूस गेल्यावर मन कुठे जाऊन बसेल याचा काही नेम नाही. आता काही आठवडे उलटले, तरी माझं मन त्या बोटापाशीच आहे.

मोठीमायचं गाव धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तलावाकाठी. घरातले पुरुष मासे धरत आणि ती जाळी विणायची. अंगणातल्या खांबाला धागा बांधून बसली की उजव्या हातातली बांबूची सुई सरसर चालायची. जाळ्याचे डोळे सारखे यावेत म्हणून इतर लोक मापाला कामटी घेतात, बांबूची चपटी काडी. मोठीमाय कामटीला हसायची. तिचं माप म्हणजे डाव्या हाताची तीन बोटं. त्यांच्याभोवती धागा घ्यायचा आणि गाठ मारायची. तीन बोटं जातील एवढा डोळा असला की लहान मासोळी सुटून जाते, मोठी होऊन पुन्हा येते, हे तिच्या सासूचं शिकवणं. बाकी स्वभाव कमालीचा चौकस. कोंबडी कापताना पोटात काय सापडतं ते वाकून पाहायची, आणि माझ्या नवऱ्याला कारखान्यातलं यंत्र कसं फिरतं हे इतकं विचारायची की तो बिचारा जेवण आवरतं घ्यायचा.

मग एका उन्हाळ्यात जाळ्याचे डोळे आखडायला लागले. सुनीलच्या लक्षात आलं आणि त्याने तिला दाखवलं. मोठीमाय तडक बाजारात गेली आणि धागेवाल्याशी भांडून आली. धागा आटतो, खराब माल देतोस, असं तिचं म्हणणं. त्याने मुकाट्याने दुसरं रीळ दिलं. त्यातही डोळे तसेच आले. तेव्हा कुठे तिने धाग्यावरून नजर काढून हाताकडे पाहिलं. ते बोट नकळत अर्धवट मिटून राहत होतं आणि तीन बोटांचं माप दोनांवर आलं होतं. सकाळी तर ते तळहातालाच चिकटलेलं असायचं. दुसऱ्या हाताने उचललं की खटका बसून उघडायचं, कळ मनगटापर्यंत जायची. लोकांनी वात म्हटलं, मोहाचं तेल चोळलं. एकाने बोट धरून असं ओढलं की ती दोन दिवस जेवताना ताटही धरू शकली नाही. एवढं होऊनही शेजारणी आल्या की ती हौसेने बोट मिटून दाखवायची, "पाय, आता वाजते," म्हणून.

मी तिला गडचिरोलीला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी बोटाच्या मुळाशी, तळहातावर दाबलं तर तिथे वाटाण्याएवढी गाठ हलत होती. बोट मिटवणारा दोर हाडालगतच्या छोट्या छोट्या कड्यांतून जातो. मुळाशी तो जाड झाला किंवा कडं आवळलं, की दोर त्यात अडकतो आणि जोर लावला की झटक्याने सुटतो. याला ट्रिगर फिंगर म्हणतात, आणि साखरेचा आजार असलेल्यांना जास्त होतं. मोठीमायला साखर होतीच. ती लगेच म्हणाली, म्हणजे जाळ्याच्या दोरीतली गाठ कड्यात अडकते तसं. बाई म्हणाल्या, अगदी तसंच. त्यांनी आधी रात्री बोट सरळ बांधून ठेवायला पट्टी दिली. त्याने भागलं नाही तेव्हा गाठीपाशी इंजेक्शन दिलं आणि काही दिवस साखर वाढेल, तपासत राहा, असं बजावलं. बोट सुटलं. पण दिवाळीनंतर पुन्हा खटका बसायला लागला, आणि बाईंनी बारीकशा चिरेचं नाव काढलं.

तेव्हा मात्र तिने बसस्टँडवर चहा थंड होऊ दिला. मग म्हणाली, "चिरा देऊन बोट मेलं तं? जाळं नाई तं मी दिवसभर काय करू, पोरी? नुस्ती बसून मरू?" तिला भ्यालेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. मीही भ्यालेच होते.

शेवटी तिला नेलं ते तिच्या चौकसपणानेच. फक्त हात बधिर करतात, माणूस जागा असतो, मध्येच बोट हलवायला लावतात, हे कळल्यावर तिचे डोळे लुकलुकले. मी दाराबाहेर होते. तिचा आवाज तेवढा ऐकू आला. "तो कपडा थोडा बाजूले करा ना, बाई. बोट माह्यं आहे, मले पाहू द्या." त्यांनी खरंच पाहू दिलं. कडं कापलं, तिला बोट मिटून उघडायला सांगितलं, आणि दोर विनाखटका सरकताना तिने स्वतः पाहिला. पांढराशुभ्र, चकाकता. पुढे कितीतरी दिवस गावात तिला दुसरा विषय नव्हता. जखम भरल्यावर बोट आखडू नये म्हणून व्यायाम सांगितला होता. तो तिने जाळं विणूनच केला, तेच डोळे आखडलेलं, अर्धवट राहिलेलं जाळं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुनीलने ते जाळं आढ्यावरून खाली काढलं. मधला आखडलेला पट्टा कापून नवा जोडू या, असं त्याने तिला जाळं पुरं झालं तेव्हाच म्हटलं होतं, कारण त्यात बारक्या मासोळ्या अडकतात. ती म्हणाली होती, "राहू दे. पाहू तं खरं, कोन कोन अडकते." मग दर खेपेला त्या पट्ट्यातल्या जित्या मासोळ्या स्वतः सोडवून ती पाण्यात टाकायची... मी सुनीलला विचारलं, आता कापणार का? तो म्हणाला, "नाई. आता मासोळ्या मीच सोडवीन."

मी अंगणात बसून जाळ्यात तीन बोटं घातली. सहज आरपार गेली. पुढे सरकत गेले तशी ती अडकायला लागली, पट्ट्याच्या मध्यावर तर दोनच जेमतेम मावली. तिथे मला फार रडू आलं. डोळे पुसून आणखी पुढे हात नेला, आणि एका डोळ्यात तिन्ही बोटं पुन्हा आत गेली. तिथून शेवटपर्यंत जाळं सारखं होतं.