हात मागे

नातीला बालवाडीतून आणायला मी जरा लवकरच पोचले. तिथे रेश्मा नावाची नवी मुलगी काम करता करता बालवाडीच्या बाईंचं काम शिकते आहे. दाराशी माझी ओवी सँडलच्या पट्ट्याशी झगडत बसली होती. रेश्मा मदतीला वाकली, तोच तिथल्या जुन्या बाई, सुमनताई, म्हणाल्या, "रेश्मा, हात मागे."

मला आधी ती शिक्षाच वाटली. रेश्माने पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं. पट्टा सारखा निसटत होता, ओवी रडकुंडीला आली होती. माझेही हात शिवशिवायला लागले. माझा मुलगा बत्तीस वर्षांचा आहे आणि त्याची प्रवासाची बॅग अजून मीच भरते. यालाच मी माया म्हणत आले. जवळ उभं राहून काही न करणं हेही शिकावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी पट्टा लागला. डावी सँडल उजव्या पायात गेली होती, पण "आजी, मी घातली!" म्हणत ओवी माझ्याकडे धावली. रेश्माने हसत हात पुढे घेतले. तिच्या मनगटावर तिच्याच बोटांचे लाल वळ उठले होते.