बिनग्रीसचे बुश

हातात पाना नसेल तर पानावहिनीला तिच्या गल्लीतली माणसंही पटकन ओळखत नाहीत. एकदा ती नटूनथटून भाचीच्या लग्नाला गेली होती. तिच्याच वर्कशॉपचं नेहमीचं गिऱ्हाईक तिला "ताई, जेवणाचा हॉल कुठे आहे?" विचारून पुढे निघालं. तिने हॉल दाखवला आणि वर म्हणाली, "क्लच अजून सरकतोय ना? आणा एकदा ट्रॅक्टर." तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याची ट्यूब पेटली.

वर्कशॉप म्हणजे शेतांच्या कडेची पत्र्याची शेड. ती मूळची तिच्या सासऱ्यांची. त्यांचा मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, शाळेत गणित शिकवतो. गुणी माणूस, पण नट कोणत्या बाजूने फिरवला की सुटतो, हे सांगायला त्याला आजही विचार करावा लागतो. शेड बंद पडणार हे मामंजींनी मनोमन धरलंच होतं. तेवढ्यात नवी सून डबा घेऊन आली. मामंजी ट्रॅक्टरखाली होते. त्यांनी नुसता हात बाहेर काढून "पाना" म्हटलं, आणि तिने बोल्टकडे एक नजर टाकून बरोबर त्या मापाचा पाना हातावर ठेवला. संध्याकाळी सून कोपरापर्यंत काळी होऊन घरी आली. घरातल्या बायकांनी नाकं मुरडली. मामंजी मात्र त्या रात्री एक पोळी जास्त जेवले.

त्यांनी तिला सगळं शिकवलं, आणि सगळ्यात आधी ग्रीस मारायला शिकवलं. कोरडा सांधा त्यांना बघवत नसे. यंत्राचा कुठलाही हात कुरकुरला की म्हणायचे, "बघ, मागतोय तो." गळ्यात टॉवेल, हातात ग्रीसगन, आणि सकाळी शेडमधल्या प्रत्येक यंत्राभोवती एक फेरी, हा त्यांचा नेम होता. त्यात कधी खंड पडला नाही.

या सगळ्या यंत्रांत एक धूड होतं. पेरणीचं मोठं यंत्र, पंख उघडले की अख्खा रस्ता अडवणारं. त्याचा मालक शेतकऱ्यांच्या पेरण्या ठेक्याने घ्यायचा. मिशा अशा झुपकेदार की सगळे त्याला मिशीवालेच म्हणत. हंगामात हे यंत्र रात्री वहिनीच्या शेडमध्येच उभं असे. त्याच्या पोटाखाली बी सोडणाऱ्या हातांच्या दोन ओळी, एक पुढे आणि एक मागे. प्रत्येक हात जिथे हलतो तिथे एक पिन, पिनेभोवती बुश म्हणजे झीज सोसणारी छोटी नळी, आणि बुशात ग्रीस घालायला बाहेर एक छोटं निपल. शेतात जाण्याआधी प्रत्येक निपलाला ग्रीस. त्यासाठी जमिनीवर उताणं पडून आत सरकायचं.

मामंजींचे गुडघे आता थकले होते. यंत्राखालून निघताना ते चाकाला धरून उठत आणि वहिनी मुद्दाम दुसरीकडे बघे. एकदा तिने हात पुढे केला होता, तर "अजून मेलो नाहीये मी," असं ऐकावं लागलं. मागच्या ओळीपर्यंत त्यांना सरकता येत नाही, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. ते चहाला गेले की ती घाईघाईने आत शिरायची, मागच्या ओळीला ग्रीस मारायची आणि ते यायच्या आत हात पुसून उभी राहायची. किती दिवस हे असं चालणार?

म्हणून तिने बिनग्रीसचे बुश शोधून काढले. कडक, काळ्या प्लास्टिकचे. घसरण्याचा गुण त्या प्लास्टिकमध्येच, वरून काही घालायला नको. तिचाही आधी विश्वास बसला नव्हता. तिने ते माती उचलायच्या स्वतःच्या जुन्या लोडरला बसवले, उन्हाळाभर धुळीत राबवून घेतले आणि मग पिन काढून बघितली. पिन लखलखीत, बुश घट्ट. तेव्हाच ती मिशीवाल्यांशी बोलली. ते कां-कूं करत तयार झाले.

"प्लास्टिक?" मामंजी म्हणाले. "यंत्र आहे की खेळणं?"

तिने समजावलं. ग्रीस धूळ धरून ठेवतं, इथे ग्रीसच नाही तर धूळ चिकटणार कशाला. मामंजी काही बोलले नाहीत. तिला वाटलं, पटलं. इथेच ती फसली.

आणखी एक गोष्ट झाली. नवे बुश बसवल्यावर जुनी निपलं काढून भोकं बंद करायला हवी होती. काम अगदी किरकोळ. पण मामंजी समोर स्टुलावर बसून बघत होते. ज्या निपलांपाशी त्यांची सगळी उमर गेली, ती त्यांच्या डोळ्यांदेखत उपटून काढायला तिचा हात धजला नाही. राहू देत, कुणाचं काय घेतात, असं म्हणून तिने ती तशीच ठेवली.

जमिनीला वाफसा आला आणि पेरण्यांची धांदल उडाली. आणि एके दिवशी सकाळी शेतात गेलेलं यंत्र घेऊन मिशीवाले तासाभरात परत शेडच्या दारात हजर.

"वहिनी, पुढचे हात लटलट हलतायत. बी वेडंवाकडं पडतंय. मी तुमच्या शब्दावर हे प्लास्टिक घातलं. वाफसा काय माझ्यासाठी थांबून राहणार आहे? संध्याकाळपर्यंत लोखंडी बुश घाला, नाहीतर मी यंत्र दुसरीकडे नेतो."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मागे आणखी दोघं-तिघं शेतकरी येऊन उभे होते. वहिनीचे हे नवे बुश टिकतात का, यावर त्यांचं लक्ष होतंच. आज तिचा शब्द खाली पडला असता, तर पुन्हा कुणी तो उचलला नसता.

तिने पुढच्या ओळीतली एक पिन ठोकून बाहेर काढली. पिनेवर राखाडी चिखल. तिने तो बोटांत चोळला, तर कचकच लागली. चिखलाखाली लालसर ग्रीस होतं. ते ग्रीस तिच्या ओळखीचं होतं, शेडच्याच डब्यातलं.

ती यंत्राखाली शिरली आणि मागच्या ओळीतली पिन काढली. कोरडी, लखलखीत. बुश घट्ट. दुसरी काढली, तीही तशीच. ती तिथेच उताणी पडून राहिली. मागे कुणाला सरकता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बाहेर आली तेव्हा मामंजी चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

"चूक माझी आहे," ती मिशीवाल्यांना म्हणाली. "निपलं काढायची राहिली. निपल दिसलं की ग्रीस जाणारच. ग्रीसला धूळ चिकटली आणि तिने कानस मारल्यासारखा बुश खाल्ला. जिथे ग्रीस गेलं नाही, तिथे बघा." आणि तिने मागची पिन त्यांच्या हातात दिली.

मिशीवाल्यांनी पिन उलटीपालटी करून पाहिली. "पण ग्रीस मारलं कुणी? माझा ड्रायव्हर तर हात लावत नाही."

"मी," मामंजी म्हणाले. "रोज सकाळी, ही यायच्या आत." मग म्हणाले, "उपाशीपोटी कामाला कसं पाठवायचं?"

आणि इतका वेळ शांत असलेली वहिनी भडकली. "तुमच्या गुडघ्यांसाठी आणले हो मी हे बुश! तुम्हाला मातीत लोळावं लागू नये म्हणून उन्हाळाभर डोकं खपवलं. आणि तुम्ही चोरून जाऊन लोळताय!"

एक शेतकरी उगाचच टायर दाबून बघू लागला.

"मग तसं सांगायचं ना," मामंजी हळूच म्हणाले. "मला वाटलं, मला काढायला आणलेस."

"तुम्हाला काढून मी अडल्यावर विचारू कुणाला? तुमच्या मुलाला?"

मिशीवाले पहिले हसले. मग सगळेच हसले. मिशीवाल्यांनी पिन वहिनीच्या हातात परत ठेवली. "लोखंडी राहू देत. हेच घाला, पण आजच."

नव्या पिना आणि बुश तिने जादा आणून ठेवलेच होते. दिवसभर ती यंत्राखाली होती. मामंजी स्टूल पुढे ओढून बसले, आणि हात पुरत होता तिथली निपलं त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. एकेक निपल फडक्याने पुसून डब्यात टाकत होते. तो टणटण आवाज ऐकवत नव्हता, तरी वहिनी पुढचा बुश ठोकत राहिली. उन्हं उतरता उतरता यंत्र शेतात गेलं आणि बी सरळ रेषेत पडलं.

हात धुताना तिने मान खाली घालून सांगून टाकलं, "मामंजी, मागच्या ओळीला इतके दिवस मीच ग्रीस मारत होते."

"माहीत आहे," मामंजी टॉवेल तिच्यापुढे धरत म्हणाले. "म्हणून तर चहाला इतका वेळ लावायचो. पण तू एक दाब जास्त मारायचीस. बाहेर ओघळायचं. तू घरी गेलीस की मी काठीला फडकं बांधून पुसून घ्यायचो."