वाद्य हातात न घेता सॅक्सोफोन शिकवणारे बागडे सर

इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानात मोडीच्या पितळेत एक जुना सॅक्सोफोन पडलेला होता. तो मी हौसेने विकत घेतला, म्हणून सुखदेव बागडे सरांची आणि माझी ओळख झाली. दुकानदारानेच सांगितले की हे वाद्य शिकायचे तर उत्तर नागपुरात बागडे मास्तरांकडे जा, पण ते आता वाजवत नाहीत, शिकवतील की नाही ते त्यांनाच विचारा.

सर अंगणात खुर्चीवर बसले होते. माझ्या हातातल्या वाद्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

"काय काम करतं गा तू?"

"मौद्याले वीज केंद्रात आहो सर. इलेक्ट्रिशियन."

दारात उभ्या असलेल्या सरांच्या पत्नी विमलकाकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. माझे काय चुकले ते मला कळेना. शेवटी सर म्हणाले, "रविवारी ये." एवढेच.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वादनाविषयी जाणकार लिहितीलच. मी त्यांच्या वादनबंदीच्या काळातला शिष्य आहे. त्या काळाविषयी लिहायचे तर आधी आनंदविषयी लिहावे लागते. सरांनी तशी परवानगी दिली आहे.

आनंद हा सरांचा एकुलता एक मुलगा. बापाच्या हाताखाली तयार झालेला, त्यांच्याच लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा. एका संध्याकाळी वरात चालली होती. नुकताच अवकाळी पाऊस पडून गेल्याने रस्ता ओला होता. सर पुढच्या रांगेत होते, आनंद मागे. कडेने डोक्यावर दिव्यांची झुंबरे घेतलेल्या बाया चालत होत्या आणि त्यांना जोडणारी वायर शेवटी जनरेटरच्या गाडीपर्यंत गेली होती. त्या वायरीचा एक जोड उघडा होता. यमुनाबाई नावाच्या बाईच्या झुंबरात वीज उतरली. त्यांना ओरडताही येईना. आनंदने ते पाहिले आणि दोन्ही हातांनी झुंबर त्यांच्या डोक्यावरून ओढले. यमुनाबाई बाजूला फेकल्या गेल्या. आनंद वाचला नाही.

सरांची त्यांच्याकडे पाठ होती. मागचा सॅक्सोफोन ओळीच्या मधेच थांबल्याचे त्यांनी ऐकले होते. पुढे कितीतरी दिवसांनी ते मला म्हणाले, "मले वाटलं, श्वास घेऊन राहिला. मी त्याच्यासाठी जागा सोडली अन् वाजवत राहिलो."

थोड्या वेळाने ती वरात ताशावर दुसऱ्या रस्त्याने निघून गेली. बँडमालक पोलिसांसमोर म्हणाला, "तो मधात गेलाच काहून?" सरांनी त्या दिवसापासून सॅक्सोफोनला हात लावला नाही.

पण शिकवणे त्यांनी सोडले नाही, आणि ते कसे शिकवत हे सांगण्यासारखे आहे. ते तोंडानेच सगळे करून दाखवत. ओठ सैल सोडून स्वर खाली कसा ओढायचा, जीभ फडफडवून स्वर कसा थरथरवायचा, फुंकताना घशातून आवाज काढून वाद्याला गुरगुरायला कसे लावायचे, अर्धा श्वास आणि अर्धा सूर असा मऊ आवाज कसा काढायचा. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा गळा सॅक्सोफोन होई. आम्ही वाजवून त्याच्या जवळपास जायची धडपड करायचो.

स्वर खाली ओढणे मला जमत नव्हते. तो घसरून पडल्यासारखा वाटे. सर म्हणाले, "आईले लांबून हाक मारतं तू, तवा 'आई'चा शेवट कसा खाली येते? तेवढंच येऊ दे. त्याच्याहून जास्त आलं त नाटक होते." मी आईला हाक मारल्यासारखे वाजवले, आणि ते जमले.

गुरगुर मात्र मला लवकर साधली. आठवडाभर घासून मी ती रविवारी मोठ्या ऐटीत ऐकवली. सरांनी पूर्ण ऐकून घेतले.

"कोनावर चिडला?"

"कोनावरच नाही सर."

"मंग गुरगुरतं काहून? साधं वाजव."

त्यांच्या मते हे सगळे आवाज कोणालाही शिकवता येतात, पण लावायचे कुठे हे शिकवता येत नाही. उपज करताना, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवताना, बोटे चालताहेत म्हणून पुढे पुढे जाणाऱ्याला ते हात वर करून थांबवत. सांगायचे होते ते संपले की गप्प बसावे, आणि गप्प बसलेलेही ऐकू आले पाहिजे, असे ते म्हणत. माझ्याबरोबर शिकणारे काही जण कंटाळून सोडून गेले. सरांनी त्यांना अडवले नाही.

मला त्या पहिल्या दिवशी "रविवारी ये" का म्हटले, ते काही महिन्यांनी कळले. शिकवणी संपल्यावर सरांनी एक टेस्टर आणि वायरीचे भेंडोळे पुढे ठेवले. "आता तू मले शिकव," ते म्हणाले. जोड कसा तपासायचा, अर्थिंग आहे की नाही हे कसे ओळखायचे, वीज कुठे गळली तर आपोआप बंद करणारा स्विच कुठे लावायचा, हे सगळे ते साठी उलटलेले गृहस्थ जमिनीवर मांडी घालून शिकले. जोड पक्का होईपर्यंत ते सोडत नसत.

मग ते वराती निघायच्या जागी जाऊन उभे राहू लागले. कोणी बोलावलेले नसताना वायरी तपासू लागले. बँडवाल्यांना ते नको झाले. पोरांना वादन शिकवायला जे बँड त्यांना बोलावत, त्यांनी बोलावणे बंद केले. एकदा जनरेटरवाला ऐकेना, तेव्हा सर त्या गाडीसमोर रस्त्यावर बसले. नवरदेवाचा काका अंगावर धावून आला. "ओ मास्तर, मुहूर्त टळून राहिला! उठा इथून!" सर म्हणाले, "टळू द्या. माझा पोरगा असाच मुहूर्तात गेला." तो माणूस जागच्या जागी थांबला. मी सोबत होतो, मी त्या वायरीतला उघडा जोड नीट करून दिला आणि वरात निघाली. सर मात्र उठेनात. त्यांना धरून बाजूला घ्यावे लागले.

त्यांच्या स्वभावातला ओलावा मी स्वतः अनुभवला आहे. माझ्या आईला आमच्या कुही गावाहून उपचारासाठी नागपुरात आणले होते, त्याच आजारात ती गेली. मी कामाच्या पाळीवर असताना सर दुपारभर तिच्याजवळ बसत. मला त्यांनी सांगितलेही नव्हते. आईनेच एकदा विचारले, "तो म्हातारा कोन होय रे? रोज येते, पाणी देते अन् काहीच बोलत नाही."

आता एका रविवारविषयी. आम्ही शिकत बसलो होतो आणि एक बाई फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटे आखडलेली होती. काकूंनी त्यांना लगेच ओळखले. त्या यमुनाबाई होत्या. इतकी वर्षे त्यांना यायचा धीर झाला नव्हता.

त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, तोंड कसं दाखवू म्हणून आली नाही. माझ्यापायी गेला तो."

काकू त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "तुमच्यापायी नाही वं. वायरीपायी गेला."

यमुनाबाई रडू लागल्या. "त्याचं वाजवणं माझ्या कानातून जात नाही, भाऊ. अर्धंच राहिलं ते. तेवढं पुरं करून द्या."

सरांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी वाद्य दिले. इतक्या वर्षांनी ओठांना वाद्य धरवेना. पहिल्यांदा नुसती हवा आली. सरांनी पुन्हा फुंकले, पुन्हा हवाच. मग त्या हवेतून एक मळकट, दबलेला स्वर निघाला आणि घशातून काहीतरी त्याच्यात मिसळले. ती गुरगुर होती, पण आम्ही कधी ऐकली नव्हती तशी. ती वाढत गेली आणि स्वर फाटून त्याचे दोन झाले, एक वर किंचाळणारा, एक खाली कण्हणारा, एकाच नळीतून. मग पुन्हा नुसता श्वास. आनंदची ती ओळ सरांनी पुरी केली की नाही, हे मी सांगू शकत नाही. ती त्या बापलेकांनाच माहीत. यमुनाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. काकू उठून आत गेल्या आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर सर अधूनमधून वाजवू लागले. आपल्यापैकी ज्यांनी त्यांना अलीकडे ऐकले असेल, त्यांनी हेच वादन ऐकले आहे. लोक त्याला नवी शैली म्हणतात. सरांना तो शब्द आवडत नाही.

गेल्या वर्षापासून तेही थांबले आहे. सरांची फुफ्फुसे आता साथ देत नाहीत. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली आहे, उशाशी प्राणवायूचे यंत्र असते. यमुनाबाई आठवड्यातून एकदा येऊन काकूंना हातभार लावतात. आम्ही जाऊन वाजवतो, सर पडल्या पडल्या ऐकतात, आणि नको तिथे आवाजाचे चाळे केले की हात वर करतात.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांना विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "लिही, पण दीर्घायुष्य मागू नको गा. आनंदच्या वाट्याचंही मीच जगून राहिलो, असं वाटते."

सरांची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही. आज सगळ्यांसमक्ष मोडतो. सर, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, आणि त्यातला प्रत्येक श्वास तुम्हाला सहज घेता येवो. तुमच्यासाठी नको असेल तर काकूंसाठी, आणि आमच्यासाठी असू द्या. आम्हाला अजून गप्प बसता येत नाही.