ह्यूगेनॉट आत्या

इथे परदेशात, बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, जळकट कॉफीच्या वासाने मला तो रविवार आठवतो. माझे घारे डोळे पाहून ऑफिसातल्या एकाने, आमचे पूर्वज धर्मापायी फ्रान्समधून पळालेले ह्यूगेनॉट असावेत, असं खूळ डोक्यात भरवलं होतं. म्हणून दर रविवारी मी पुण्यात एकट्या राहणाऱ्या आत्याला फोन करायचो. "आपण मूळचे फ्रान्सचे का गं?" "हो की. खापरपणजोबा कायम टोपीत असायचे." मी तेही वंशावळीत चढवलं. पण तिला माझ्या प्रश्नातलाच देश आठवतो, असा संशय आला. त्या रविवारी मुद्दाम विचारलं, "की चीनचे?" "चीनचेच रे. शेवया काड्यांनी खायचे." मी नुसतं "बरं" म्हटलं. तिचा आवाज उतरला. "चुकलं का काही? पुढच्या रविवारी करशील ना फोन?" अजून करतो. हल्ली पूर्वज मी रचतो आणि संशय ती घेते.