जिन्यावरची घाबरट मंडळी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घाबरलेली माणसं दर रविवारी एकाच जिन्यावर बसवा, आपोआप साचतात! आमचा जिना धुळ्यातला, देवपुरातला. वर क्लास, खाली आम्ही पालक. पोरं पाचवीतली. सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची, निवड झाली की सहावीपासून तिथेच राहायचं, शिकायचं, सगळं फुकट. जागा मूठभर, पोरं ढीगभर.

माझी सई वर गेली की माझ्या डोक्यात दोनच विचार. निवड नाही झाली तर काय? आणि झाली तर काय? एवढीशी पोर हॉस्टेलला राहणार! पहिली भीती मी येईल त्याला सांगायचे. दुसरी कोणालाच नाही.

*

आमचे सर म्हणजे एक प्रकरणच. वर्गात शिरल्या शिरल्या असे काही ओरडायचे, "घाबरायचं नाही!" की पहिल्या बाकावरच्या पोरींच्या हातून पेनं पडायची.

एकदा त्यांनी पालकसभा घेतली. म्हणाले, "पोरं घाबरत नाहीत, पालक घाबरतात. टेन्शन घेऊ नका." आणि गटागटा पाणी प्यायले. पुन्हा "टेन्शन घेऊ नका," पुन्हा पाणी. शेवटी मीच विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?"

सर खुर्चीत बसले. "यंदा माझा मुलगा पण बसलाय हो!"

सभा तिथेच संपली.

*

जिन्यावरचे सगळ्यात वडीलधारे म्हणजे आबा. नात तेजू हिला खेड्यावरून एसटीने घेऊन यायचे. एका रविवारी आले ते रात्रभर जागून, डोळे लाल झालेले. हातात तेजूचा सराव पेपर. त्यात आकृत्या, त्यातली वेगळी कोणती ते ओळखायचं.

"माय, बठ्ठ्या सारख्याच शेतस!" आबा मला म्हणाले. मी पाहिलं, मलाही सगळ्या सारख्याच दिसल्या. मग मीही घाबरले. पेपर जिनाभर फिरला. कोणाची आई म्हणे पहिली, कोणाचे पप्पा म्हणे शेवटची, दोघांची चांगलीच जुंपली.

तेवढ्यात तेजू खाली आली. चप्पल घालता घालता बघितलं आणि म्हणाली, "आबा, तिसरी. बाकीच्या फिरवल्या की जुळतात, ती जुळत नाही."

आबांनी टोपी काढून घाम पुसला. "बरं शे माय, परीक्षा मनी नही शे, तेजूनी शे!"

*

शकीलभाई पत्र्याच्या पेट्या बनवतात. खाली दुकान, वर घर. मुलगी अल्फिया. माणूस दिलदार. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ताई, सई हॉस्टेलला निघाली की पेटी माझ्याकडून!" मी हसले खरी, पण लगेच विषय बदलला.

सरांनी सांगितलं होतं, घरी सराव पेपर सोडवताना एकदम शांतता पाहिजे. शकीलभाईंनी दुकान बंद ठेवलं. कुकरच्या शिट्ट्या बंद. शेजाऱ्यांची बकरीसुद्धा गल्लीच्या टोकाला नेऊन बांधली!

अल्फियाचे मार्क निम्म्यावर आले.

"अब्बा," ती म्हणाली, "खाली ठोकाठोक नसली की मला भीती वाटते. काहीतरी वाईट झालंय असं वाटतं." बरोबरच आहे, पाळण्यात असल्यापासून हातोडी ऐकत आलेली पोर!

शकीलभाईंचा चेहरा पांढराफटक. "ताई, परीक्षेच्या सेंटरवर तर कोणी खोकतही नाही. आता काय करू?"

*

आता माझं ऐका. हॉस्टेलमध्ये वेणी कोण घालून देणार, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी सईला वेणी शिकवली. पठ्ठी अशी शिकली की नंतर मला केसांना हात लावू देईना!

मग म्हटलं, घराबाहेर राहायचीही प्रॅक्टिस होऊ दे. तिला जळगावला माझ्या बहिणीकडे सोडून आले. संध्याकाळपर्यंत मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. पोर जेवली असेल का? रडत तर नसेल? सकाळ होताच एसटी पकडली आणि जळगाव गाठलं.

बहिणीने दार उघडलं. "ताई? काय झालं?"

"कंगवा राहिला होता तिचा."

"माझ्या घरात कंगवा नाही का गं?"

आत सई पोहे खात होती. वेणी कधीच घालून झालेली. मला बघून म्हणाली, "आई, तू कशाला आलीस?"

बहीण म्हणाली, "परीक्षा नेमकी कोणाची आहे?"

*

परीक्षेच्या दिवशी पोरं आत गेली. सेंटर एकदम शांत! आबा ओठ हलवत देवाचं नाव घेत होते. मी पदराचं टोक पिळत होते. आणि भिंतीपलीकडच्या गल्लीतून आवाज आला, ठक, ठक, ठक.

बंदोबस्ताचा हवालदार धावला, मागे आम्ही. बघतो तर शकीलभाई एका स्कूटीपाशी उकिडवे बसून मडगार्डवर हातोडी चालवतायत!

"काय चाललंय?"

"मडगार्ड सरळ करतोय, साहेब."

"गाडी कोणाची?"

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. गाडी माझी होती. मडगार्ड तोवर एकदम सरळ होतं!

पेपर सुटल्यावर अल्फिया बाहेर आली ती हसतच. "अब्बा, ऐकू आलं!"

मडगार्ड अजून तसंच चेपलेलं आहे. मी ते दुरुस्त करणार नाही.

*

निकाल लागला. तेजूचं नाव नव्हतं. तरी पहिला फोन आबांचाच, "तुनी पोर पास व्हयनी, माय!" अल्फियाचं नाव होतं. सईचंही होतं. मी देवापुढे साखर ठेवली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतलं. सई दिवसभर गल्लीत पेढे वाटत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकीलभाई पेटी घेऊन आले. निळी, कोरी करकरीत, झाकणावर पांढऱ्या रंगात सईचं पूर्ण नाव. चहा घेऊन ते गेले.

सईने झाकण उघडलं. आत वाकून बघितलं. बंद केलं. मग आतल्या खोलीत गेली, कंगवा आणि रिबिनी घेऊन आली, आणि माझ्या पुढ्यात पाठ करून बसली.

"आई, मला वेणी घालता येत नाही."