लियांग आंटींचा सारस

मी आयुष्यात एकच पक्षी मारला, आणि तोही चिंचेने.

तेव्हा आम्ही ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये राहायचो. शेजारी लियांग आंटी एकट्याच. त्यांच्याकडे चार फळ्यांचा, घडी होणारा चिनी पडदा होता. काळंभोर लाखकाम, त्यावर सोनेरी डोंगर, पाइनची झाडं आणि मधोमध सारसांची जोडी. लग्नात नवऱ्याने दिलेला. "दिस वन मी, दिस वन हिम," असं त्या येईल त्याला दाखवायच्या. (नवरा वारलेला, त्यामुळे काय बोलावं ते येणाऱ्याला कळायचं नाही.) भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा उभं करणाऱ्या आपल्या इंजिनिअर मुलाकडे त्या आता कायमच्या निघाल्या होत्या. बाकी सगळं वाटून टाकणार, फक्त हा पडदा सोबत नेणार होत्या.

माझ्या बायकोने, मेधाने, नेमका तोच गणपतीमागच्या आरासीसाठी मागितला. आणि आंटींनी दिला!

गणपतीच्या आदल्या दिवशी मी देवाची पितळी भांडी चिंच-मीठ लावून घासत होतो. समई अशी लखलखली की मला चेवच चढला. समोर पडद्यावरचा एक सारस मळकट दिसत होता. बाप्पा येणार आणि मागे मळका पक्षी? लावली चिंच, घेतला काथ्या!

आधी चोच गेली. मग मान.

"अरे, थांब!" मेधा किंचाळली.

"अगं, मळ निघतोय!"

"सोनं निघतंय ते!"

"बाबा, द बर्ड इज गॉन," आमची लेक ईरा शांतपणे म्हणाली.

त्या जागी मी डबलटेपने कागदी झेंडूचा हार चिकटवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला आंटी हात जोडून समोरच उभ्या राहिल्या. आरती रंगात आली आणि हार पडला! जाताना पाइनचा शेंडाही घेऊन गेला.

आंटींनी त्या काळ्या जागेवर बोट टेकवलं. "हिम," एवढंच म्हणाल्या.

"आंटी, व्हेरी व्हेरी सॉरी. मी रंगवून देतो..."

"नो! यू नो टच!" मग पडलेला हार माझ्या हातात देत, "ऑल गुड."

न्यूझीलंडमध्ये सगळ्यालाच ऑल गुड म्हणतात, पण त्यांचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही आठवलं की जीव कळवळतो.

ख्राइस्टचर्चला निघताना आंटी निरोपाच्या भेटी घेऊन आल्या. मेधाला पितळी किटली, ईराला रेशमी पंखा. मी आशेने उभा.

"यू, नथिंग," त्या म्हणाल्या. "एनीथिंग आय गिव्ह, यू स्क्रब."

मी मान खाली घातली. खोटं कशाला सांगू, किटलीची काळवंडलेली कडी तोवर माझ्या नजरेत भरली होती!